प्रेम, पेला आणि फिरती ओळ

हेन्री पर्सेल या इंग्रज संगीतकाराचा एक कॅच आहे, म्हणजे एकामागून एक आत शिरत गायचे गाणे. त्यात अवघ्या चार ओळी आहेत. स्त्रीमुळे आपण प्रेमात पडतो, असे पहिली ओळ सांगते. प्रेमामुळे आपण दुःखी होतो, असे दुसरी. दुःखामुळे आपण पितो आणि पिण्यामुळे आपल्याला वेड लागते, असे तिसरी आणि चौथी. कागदावर वाचले तर त्यात फारसे काही नाही. पण कॅच हा प्रकार वाचण्यासाठी नसतोच. पहिला गायक पहिली ओळ संपवून दुसरीवर जातो तेव्हा दुसरा गायक पहिली ओळ उचलतो. पहिला तिसरीवर पोहोचतो तेव्हा तिसरा आत येतो. आणि चौथ्याने सूर लावला की चारही ओळी एकाच वेळी ऐकू येऊ लागतात. मग आधी प्रेम आणि शेवटी वेड असा क्रम उरत नाही. एक जण प्रेमात पडत असतो त्याच क्षणी दुसरा कण्हत असतो, तिसरा पेला भरत असतो आणि चौथ्याचे भान सुटलेले असते. शिवाय भान सुटलेला गायक ओळ संपवून पुन्हा पहिल्या ओळीकडे येतो, म्हणजे नव्याने प्रेमात पडतो. हे चक्र थांबवण्याची सोय गाण्यात नाही. गाणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहून ठरवायचे, तेव्हा ते थांबते.

इंग्लंडच्या इतिहासात 1660 मध्ये राजेशाही परत आली आणि पुढच्या काही दशकांना रिस्टोरेशनचा काळ म्हणतात. त्या काळातील प्रेमाची आणि मद्याची गाणी मी बराच काळ ऐकते आहे, आणि ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली आहे. त्या काळाचे प्रेमगीत बहुधा एकट्याने गायचे असते, आणि एकटा माणूस सुंदर शब्दांत स्वतःची फसवणूक सहज करू शकतो. मद्यगीत सोबतीने गायचे असते, आणि शेजारचा माणूस आपल्याच ओळीवर त्याची ओळ चढवत असताना तशी फसवणूक टिकत नाही. म्हणून प्रेमाविषयीचे खरे बोलणे मला त्या काळाच्या नाजूक प्रेमगीतांपेक्षा त्याच्या पेल्याच्या गाण्यांत अधिक सापडते.

या गाण्यांमागे एक मोठे मौन होते, असे आपण समजतो. प्युरिटन, म्हणजे धर्मशुद्धीचा आग्रह धरणाऱ्या कडक प्रोटेस्टंट लोकांनी संगीत बंद पाडले आणि राजा परत येताच सारा देश गाऊ लागला, अशी ती गोष्ट सांगितली जाते. प्रत्यक्षात घडले ते याहून गुंतागुंतीचे आहे. 1642 मध्ये नाटकगृहांना टाळे लागले. चर्चमधील ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम 1644 मध्ये निघाला, गायकवृंद मोडले आणि त्यांवर पोट असलेले वादक-गायक रस्त्यावर आले. 1649 मध्ये राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. तरीही घराघरांत गाणे चालूच होते. राजाच्या जागी सत्तेवर आलेल्या खुद्द क्रॉमवेलच्या मुलीच्या लग्नात 1657 मध्ये व्हायोलिने वाजली आणि पहाटेपर्यंत नाच झाला. बंदी होती ती देवळातल्या आणि रंगभूमीवरच्या संगीतावर, आणि 1657 च्या एका कायद्याने खाणावळींत व दारूच्या दुकानांत पैशांसाठी वाजवणाऱ्या फिरत्या वादकांवर. गिऱ्हाईकांनी आपसांत गाण्याला मात्र कोण अडवणार?

या संधीचे सोने जॉन प्लेफर्ड या पुस्तकविक्रेत्याने केले. लंडनच्या इनर टेम्पल भागात, चर्चच्या दाराजवळ, त्याचे दुकान होते. 1651 मध्ये, म्हणजे राजाला मारून दोनच वर्षे झालेली असताना, त्याने नृत्याच्या चालींचे पुस्तक काढले आणि पुढच्याच वर्षी जॉन हिल्टनने जमवलेला कॅचचा संग्रह छापला. गाण्याचा धंदा करणारे गप्प झाले होते, तेव्हा हौशी माणसांच्या हातात त्याने पुस्तक दिले. रिस्टोरेशन काळात जी गाणी बहरली त्यांचे बी प्युरिटन राजवटीतच पेरले गेले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मित्रांनी टेबलाभोवती बसावे, पुस्तक मध्ये ठेवावे, एकाने सुरुवात करावी आणि बाकीच्यांनी आपापली पाळी आली की आत शिरावे, ही सवय राजा परदेशात असतानाच लागली. राजनिष्ठांना तर तिचा वेगळाच आधार होता. राजाच्या नावाने पेला उचलणे हा त्यांच्यासाठी निष्ठेचा विधी होता, आणि गाण्याच्या आडून तो चारचौघांत करता येत असे.

29 मे 1660 रोजी दुसरा चार्ल्स लंडनमध्ये आला. तो त्याचा तिसावा वाढदिवस होता. परतल्यावर लगेच त्याने जी फर्माने काढली त्यांतले एक अशा लोकांविरुद्ध होते, जे दारूच्या दुकानांत बसून राजाच्या नावाने पीत राहतात आणि त्यालाच राजभक्ती समजतात. ज्या राजाचे नाव पुढे ऐषआरामाशी कायमचे जोडले गेले, त्याच्या कारकिर्दीची सुरुवात अशी झाली. फर्मानाचा उपयोग झालेला दिसत नाही. 23 एप्रिल 1661 रोजी राज्याभिषेकाच्या रात्री लोकांनी रस्त्यांत शेकोट्या पेटवल्या होत्या, आणि आरमाराच्या कचेरीत काम करणारा सॅम्युअल पीप्स त्या रात्रीचे वर्णन आपल्या रोजनिशीत करतो. जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवून, लाकडाच्या मोळीवर गुडघे टेकायला लावून, राजाच्या नावाने प्यायला लावत होते. पीप्सही प्यायला, त्यानंतर आणखी प्यायला, आणि रात्री त्याला ओकारी झाली. तेही त्याने लिहून ठेवले आहे.

हा पीप्स मला या साऱ्या काळाचा कान वाटतो. 1660 ते 1669 या वर्षांची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे आणि तिच्यात गाणे नाही असे दिवस फार थोडे. तो बायकोबरोबर गातो, नोकर पोराबरोबर गातो, बागेत गातो. दारू आणि नाटक सोडण्याच्या शपथा घेतो, मोडल्या तर गरिबांच्या पेटीत दंड टाकतो, आणि पुन्हा घेतो. 1665 च्या प्लेगने लंडनमध्ये नोंदीप्रमाणे 68 हजारांहून अधिक माणसे नेली. त्या वर्षाच्या अखेरीस, शहर अजून पुरते सावरले नसताना, पीप्स एका गाण्याला चाल लावत बसला होता. गाण्याचे शब्द विल्यम डॅव्हनंट या नाटककाराच्या एका संगीतनाटकातले होते. त्यात एक सत्ताधीश सौंदर्याला निघून जायला सांगतो आणि त्याच श्वासात आपल्या प्रेमावर विश्वास ठेवायला सांगतो. पुढच्या वर्षी त्याने स्वतःचे चित्र काढून घेतले. खांद्यावरून मागे पाहण्याच्या त्या पवित्र्यात बसताना मान मोडायची वेळ आली, अशी तक्रार त्याने केली आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत हे चित्र आहे, आणि त्यात पीप्सच्या हातात त्याच गाण्याचा कागद आहे. मोठ्या हुद्द्यावर चढत असलेल्या माणसाला जगाने आपल्याला कसे पाहावे असे वाटत होते? स्वतः चाल लावलेले एक प्रेमगीत हाती धरलेला माणूस म्हणून.

ते गाणे त्याने मिसेस निप या नटीला शिकवले. 2 जानेवारी 1666 च्या नोंदीत तिने गायलेल्या ‘बार्बरा ॲलन’ या लोकगीताचा उल्लेख आहे आणि त्या गीताचा आज ज्ञात असलेला तो सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. तिच्या आवाजाने त्याला झालेला आनंद त्या ओळींतून अजूनही वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतो. मात्र याच रोजनिशीत घरातल्या मोलकरणींशी आणि कामासाठी दारी आलेल्या बायकांशी त्याने कसे वर्तन केले हेही नोंदलेले आहे आणि ते वाचताना मला संताप येतो. ज्या काळात प्रेमगीते इतकी सहज वाहत होती त्या काळात त्या गीतांतल्या स्त्रीला नकार देण्याची मोकळीक किती होती, हा प्रश्न त्या चित्रासमोरही सोडता येत नाही.

तरीही पीप्सने केलेल्या एका निरीक्षणासाठी मी त्याची ऋणी आहे. 2 सप्टेंबर 1666, लंडन जळते आहे. लोक घरातले सामान होड्यांत भरून थेम्सच्या पात्रात उतरले आहेत. त्या धावपळीत पीप्स पाहतो की घरसामान वाहणाऱ्या जवळजवळ दर तीन होड्यांपैकी एकीत व्हर्जिनल आहे, म्हणजे घरी वाजवायचे ते पेटीसारखे, पट्ट्यांचे तंतुवाद्य. आग मागे लागलेली असताना माणूस काय उचलतो यावरून त्याचे घर कळते. हे गाणे दरबारापुरते नव्हते, हे सिद्ध करायला मला याहून मोठा पुरावा नको आहे.

आता प्रेमगीतांकडे येते. राजा परतल्यावर नाटकगृहे उघडली, आणि 1660 च्या अखेरीस स्त्रिया इंग्रजी व्यावसायिक रंगभूमीवर उभ्या राहू लागल्या. तोवर स्त्रीच्या तोंडचे गाणे मुलगा गात असे. या एका बदलाने प्रेमगीताचे वजनच बदलले. मॉल डेव्हिस नावाची नटी डॅव्हनंटच्या एका नाटकात प्रेमाने वेड्या झालेल्या मेंढपाळ मुलीच्या वेषात गाणे म्हणे: माझा बिछाना थंड जमिनीवर आहे आणि तो फार कठीण आहे, पण त्याहून कठीण आहे माझ्या प्रियकराचा रुक्षपणा. त्या काळाचा प्रॉम्प्टर, म्हणजे नटांना आडून संवादांची आठवण देणारा, जॉन डाउन्स याने लिहून ठेवले आहे की हे गाणे तिने इतके सुंदर गायले की त्याने तिला थंड जमिनीवरून उचलून राजाच्या शय्येपर्यंत नेले. ती चार्ल्सची प्रेयसी झाली, 1673 मध्ये त्यांना मुलगी झाली. आणि दहाएक वर्षांनी जॉन ब्लो या संगीतकाराने राजाच्या मनोरंजनासाठी प्रेमदेवता व्हीनस आणि तिचा प्रियकर अडोनिस यांच्या कथेवर एक संगीतिका केली, तेव्हा व्हीनसचे काम मॉल डेव्हिसने केले आणि क्युपिडचे तिच्या मुलीने. प्रेमाची देवता आई, प्रेमाचा बाण मारणारे मूल, आणि समोर बसलेला श्रोता त्या मुलाचा बाप. त्या संगीतिकेचा शेवट शोकात होतो. अडोनिस रानडुकराच्या शिकारीत मरतो, आणि व्हीनस शब्द सोडून नुसती आक्रंदते. त्या आक्रंदनात मॉल डेव्हिसने स्वतःचे काय ओतले असेल, याची कल्पना मी अनेकदा करते. नोंद मात्र फक्त भूमिकांची आहे.

स्त्रीने लिहिलेले प्रेमगीत म्हणून अफ्रा बेनचे एक गाणे मी सर्वांच्या वर ठेवते. 1676 मध्ये रंगभूमीवर आलेल्या तिच्या शोकनाटकाच्या आरंभी ते येते. प्रेमाचा देव विजयोत्सवात सिंहासनावर बसला आहे आणि भोवती रक्ताळलेली हृदये आहेत. त्याचे सामर्थ्य त्याला मिळाले कोठून? गाणारी व्यक्ती हिशेब मांडते: उसासे आणि आसवे त्याने माझ्याकडून घेतली, गर्व आणि क्रौर्य तुझ्याकडून; अशा रीतीने आपण दोघांनी मिळून त्याला देव केले. मग घाव माझ्या एकटीलाच का, आणि तू जिंकूनही मोकळा कसा? बाकीचे कवी क्युपिडपुढे लोटांगण घालत असताना बेन त्याची हत्यारे कोणी पुरवली ते विचारते. त्यात रडगाणे नाही, आरोपपत्र आहे. लेखणीवर पोट भरणाऱ्या या बाईला 1689 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात पुरले गेले.

तिच्या समोर मी अर्ल ऑफ रॉचेस्टर, जॉन विल्मट, या दरबारी सरदाराला ठेवते, कारण त्याच्याइतके गोड कारण देऊन वचन मोडणारा कवी मला दुसरा माहीत नाही. आपल्या एका गीतात तो प्रेयसीला म्हणतो की भूतकाळ माझा उरला नाही, भविष्यकाळ अजून झालेला नाही, माझ्यापाशी आहे तो हा एवढा क्षण, आणि हा क्षण सारा तुझा आहे. तेव्हा निष्ठा, शपथा असले शब्द काढू नकोस. या एका क्षणापुरता मी तुझ्याशी खरा राहिलो तर तेवढेच देवाने माणसाला शक्य ठेवले आहे. वाचताना मान डोलते. दुसऱ्यांदा वाचले की लक्षात येते, हा माणूस दाराकडे सरकतो आहे.

त्याच रॉचेस्टरचे पेल्यावरचे गीत मात्र मला पूर्ण खरे वाटते. त्यात तो देवांच्या लोहाराला एक पेला घडवायला सांगतो, इतका मोठा की मद्याच्या लाटांवर माणसाने तरंगावे. पण त्यावर लढाई कोरू नकोस, म्हणतो, माझा युद्धाशी संबंध नाही. द्राक्षवेली कोर. हे गीत ग्रीक कवी अनाक्रिऑनच्या नावावरच्या जुन्या पद्यांच्या वळणाचे आहे आणि लढाई नको ही मागणीही त्या परंपरेतलीच आहे. तरी ती मागणी करणारा माणूस कोण होता हे विसरता येत नाही. 1665 मध्ये, अठरा वर्षांचा असताना, तो नॉर्वेतील बर्गेनच्या बंदरातील आरमारी लढाईत होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन सोबती एकाच तोफगोळ्याने गेले. एका सोबत्याशी त्याने आधी करार केला होता की जो मरेल त्याने परत येऊन मृत्यूपलीकडे काय आहे ते सांगायचे. तो परत आला नाही. हे सारे रॉचेस्टरनेच अखेरच्या दिवसांत गिल्बर्ट बर्नेट या धर्मगुरूला सांगितले, आणि सलग पाच वर्षे आपण नशेत होतो हेही सांगितले. 1680 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, तो वारला. द्राक्षवेलींच्या त्या पेल्याकडे मी आता ऐषआरामाची निशाणी म्हणून पाहू शकत नाही.

या काळाचा आपल्या किनाऱ्याशी एक खरा दुवा आहे. ज्या चार्ल्सच्या नावाने लंडन पीत होते त्याने 1662 मध्ये पोर्तुगालच्या कॅथरिन ऑफ ब्रागान्झा हिच्याशी लग्न केले, आणि आदल्या वर्षीच्या विवाहकरारात आंदण म्हणून मुंबई बेट होते. 1668 मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. मुंबईत आणि सुरतेत आलेल्या कंपनीच्या नोकरांना क्लॅरेट, म्हणजे फ्रान्सची तांबडी वाइन, सहज परवडत नसे. ते देशी अर्क, लिंबू, साखर, मसाला आणि पाणी यांचे पंच पीत. जॉन फ्रायर या कंपनीच्या डॉक्टरने या पेयाची नोंद केली आहे. ते पुढे इंग्लंडमध्ये रुळले आणि तिथल्या मैफलींच्या टेबलावर मोठ्या भांड्यातून फिरू लागले. मुंबई बेट त्या विवाहात देवाणघेवाणीची वस्तू होते आणि राणी कॅथरिनच्या वाट्याला नवऱ्याच्या प्रेयस्यांच्या दरबारात बसणे आले. राजाने स्वतः लिहिले असे मानले जाणारे, पेलम हम्फ्री या संगीतकाराने चाल लावलेले एक विरहगीत त्या काळात छापलेले आहे. त्यातही आठवण निघते ती राणीची नव्हे, फिलिस या काव्यातल्या प्रेयसीची.

पर्सेलचा जन्म 1659 चा, राजा परतण्याच्या आदल्या वर्षाचा. लहानपणीच तो राजाच्या चॅपलमधील गायक मुलांत दाखल झाला, विसाव्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीचा ऑर्गनवादक झाला. 1685 मध्ये दुसऱ्या जेम्सच्या राज्याभिषेकासाठी त्याने भव्य गायकवृंदाचे स्तोत्र रचले, आणि सुरुवातीला सांगितलेला चार ओळींचा कॅचही त्याच वर्षी छापला गेला. एकाच हाताने एकाच सुमारास ही दोन्ही कामे केली. पन्नासहून अधिक कॅच त्याने केले आणि त्यांतले कित्येक इतके उघडे आहेत की ते मला इथे सांगवणार नाहीत. काहींत तर स्त्री नुसती थट्टेची वस्तू आहे, आणि ते पुन्हा ऐकावे असे मला वाटत नाही. पण कारागिरी सर्वत्र सारखीच आहे. कॅच रचणारा प्रत्येक ओळीत मोजून मोकळी जागा सोडतो. एकट्याने गायले तर ती जागा नुसता विश्राम असते, आणि दुसरा-तिसरा आवाज आला की त्यांचे शब्द त्या पोकळीत पडून एक नवेच वाक्य तयार होते, जे कोणत्याही एका गायकाने उच्चारलेले नसते. ते बहुधा अश्लील असते. त्याची जबाबदारी कोणाचीच नसते आणि सर्वांची असते.

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च या कॉलेजचा पुढे डीन, म्हणजे प्रमुख, झालेला हेन्री ऑल्ड्रिच हा धर्मशास्त्राचा माणूस. पिण्याची पाच कारणे सांगणारे पद्य त्याच्या नावावर आहे: चांगली दारू, मित्र, तहान, पुढे तहान लागेल ही भीती, किंवा इतर कोणतेही कारण. पर्सेलने त्याला चाल लावली. ऑल्ड्रिचने स्वतः तंबाखूवर एक कॅच केला, चार जणांनी पाइप ओढता ओढता गायचा. त्यातले विश्राम झुरक्यासाठी ठेवलेले आहेत. गाणे, श्वास आणि धूर यांची इतकी काटेकोर मांडणी पाहून मला आनंद होतो, आणि विद्वत्ता व सुखाची ओढ एकाच देहात राहतात याची खात्री पटते.

पर्सेल 21 नोव्हेंबर 1695 रोजी वारला. तो उशिरापर्यंत पिऊन आला, बायकोने दार उघडले नाही आणि थंडीने तो आजारी पडला, अशी गोष्ट ऐंशी वर्षांनी जॉन हॉकिन्सने आपल्या संगीताच्या इतिहासात छापली, आणि ती अजून सांगितली जाते. मला ती खरी वाटत नाही. मृत्यूच्याच दिवशी केलेल्या मृत्युपत्रात पर्सेलने सर्व काही आपल्या प्रेमळ पत्नीच्या, फ्रान्सिसच्या, नावे केले आहे. त्या फ्रान्सिसने पुढे त्याची गाणी जमवून 1698 मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ बाहेर काढला. आज आपण त्याची जी प्रेमगीते ऐकतो त्यांतली पुष्कळशी त्या विधवेच्या चिकाटीने शाबूत राहिली आहेत. दार न उघडणारी बायको ही त्या कॅचमधल्या थट्टेतून आलेली बाई आहे, असे मी समजते.

गेल्या कोजागिरीला आमच्या गच्चीवर मी हा चार ओळींचा कॅच मैत्रिणींकडून बसवून घेतला. आमच्यातली एक भजनी मंडळात गाते, एक गाण्याच्या वर्गाला जाऊन पुढे सोडून दिलेली, आणि उरलेली फक्त हौशी. आटीव दुधाचे पेले हातात होते. पहिल्यांदा सर्व जणी एकत्र गायलो तेव्हा ती चाल अगदी साधी वाटली. मग एकेक जण मागून शिरू लागली, आणि दुःखाच्या ओळीवर पोहोचताच माझ्या कानात शेजारून प्रेमाची ओळ आली. मी काय म्हणते आहे ते मला सांभाळावे लागत होते आणि ती काय म्हणते आहे तेही ऐकावे लागत होते. भजन गाणारीला हे पहिल्यांदा जमेना, कारण तिची सवय सगळ्यांनी एका सुरात मिसळण्याची. इथे मिसळायचे नव्हते, आपली ओळ धरून दुसरीच्या ओळीला जागा द्यायची होती. जमले तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, यात कुणीच पुढे नाही.’ स्त्रियांना दोष देणारी ती पहिली ओळ आमच्या तोंडी फार वेगळी लागली. ज्यांच्यामुळे सारे सुरू होते म्हणतात त्याच आता रडत होत्या, पीत होत्या आणि वेड्या होत होत्या. पुरुषांच्या टेबलासाठी रचलेल्या गाण्यात ही उलटी वाट मोकळी राहिली, ती त्याच्या घडणीमुळे. बेनने प्रेमदेवाचा हिशेब दोघांत वाटला होता. हा कॅच तो टेबलाभोवतीच्या सगळ्यांत वाटतो.

पुढच्या पिढ्यांना या गाण्यांची लाज वाटू लागली. 1761 मध्ये लंडनमध्ये सरदारांचा आणि सभ्य गृहस्थांचा कॅच क्लब निघाला आणि बक्षिसे देऊन त्याने नवे कॅच रचून घेतले, पण एकोणिसाव्या शतकात पर्सेलचे शब्द संपादकांनी सोवळे केले. चाल तीच, शब्द फुलांचे नि वसंताचे. हे कॅचला मारण्यासारखे आहे. मोकळ्या जागा होत्या तशाच राहिल्या आणि त्यांत पडणारे शब्द निघून गेले, म्हणून आवाज एकमेकांवर येतात आणि काहीच घडत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अल्फ्रेड डेलर हा इंग्रज गायक आणि त्याच्या साथीदारांनी मूळ शब्दांसह हे कॅच ध्वनिमुद्रित केले, तेव्हा पर्सेलने सोडलेल्या जागा पुन्हा भरल्या.

या सगळ्यात एक जागा मला सर्वाधिक प्रिय आहे. 1691 मध्ये कवी ड्रायडनने दंतकथेतल्या राजा आर्थरवर लिहिलेले संगीतनाटक पर्सेलच्या संगीतासह लंडनच्या डॉर्सेट गार्डन नाटकगृहात आले. त्याच्या पाचव्या अंकात शेतकऱ्यांचे एक गाणे आहे. गवत कापून झाले, पीक खळ्यावर आले, आता प्यायचे. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे, त्यावर ते म्हणतात की पाद्रीला आपण फसवले आहे आणि पुन्हा फसवू, त्या मठ्ठाला दहांतला एक का म्हणून द्यायचा. उभे राहवेनासे होईतो पिऊ आणि इंग्लंडचा जयजयकार करू. चाल ठोसर, ठेका पायाने मारण्याचा. ते संपते आणि लगेच व्हीनस येते. आपले जुने बेट सोडून हे सर्वांत सुंदर बेट मी राहण्यासाठी निवडले आहे, असे ती गाते. इथे मत्सर आणि निराशा प्रेमीजनांना छळणार नाहीत, दुःख असेल ते फक्त हलक्या रुसव्याचे आणि उसाशांचे. पर्सेलच्या साऱ्या प्रेमगीतांत हे मला सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि त्याचे कारण त्याच्या आधीचे गाणे आहे. काही प्रयोगांत शेतकऱ्यांचे गाणे नुसत्या विनोदासाठी उरकले जाते आणि ध्वनिमुद्रिकांच्या निवडक संग्रहांत तर व्हीनसचे गाणे एकटेच काढून ठेवलेले असते. एकटे ऐकले की ते देखणे आणि थोडे पोकळ लागते. त्या घसा बसलेल्या, दहावा हिस्सा चुकवणाऱ्या, पिऊन डुलणाऱ्या माणसांच्या मागोमाग ते आले पाहिजे, कारण व्हीनस ज्या बेटाला वचन देते आहे त्या बेटावर तीच माणसे राहतात.